तोंडदेखल्या खोट्याचं वजन

मराठी घरातून निघणारा माणूस उंबऱ्याशी ‘येतो’ म्हणतो. खरं तर तो जात असतो. कधी वर्षभरासाठी, कधी थेट परदेशी. तरी ‘जातो’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, आणि निघालाच तर घरातली आजी टोकते, ‘जातो काय म्हणतोस? येतो म्हण.’ देवासमोर फोडलेला नारळ आपण ‘वाढवतो’. हातातली बांगडी पिचली की ती ‘वाढली’ म्हणतो. पानावर बसलेला पाहुणा दुसऱ्या पुरणपोळीला ‘नको, नको, पोट भरलं’ म्हणतो, वाढणारी बाई तरीही पोळी वाढते आणि पाहुणा ती आनंदानं संपवतो.

ही वाक्यं वस्तुस्थितीशी ताडून पाहिली तर एकही टिकणार नाही. तरीही त्यांना खोटं म्हणावंसं वाटत नाही, कारण त्यांनी कुणी फसत नाही. निरोप देणाऱ्याला ठाऊक असतं की पाहुणा निघालाय. वाढणारीला ठाऊक असतं की पहिला नकार हा आग्रहाला दिलेला मान आहे. दोन्ही बाजूंना अर्थ माहीत असलेला शब्द म्हणजे रीत. खोटं तिथून पुढे सुरू होतं, जिथे आपल्याला जे खरं वाटतं त्याच्या उलट समजूत समोरच्याच्या मनात रुजावी अशी आपली इच्छा असते. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३९५च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत बसून असत्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी खोट्याची खूण हीच सांगितली: मनात एक आणि बोलण्यात दुसरं, तेही फसवण्याच्या इच्छेनं. आपल्याकडे त्यासाठी चार शब्द पुरतात. पोटात एक, ओठात एक.

इंग्रजीनं निरुपद्रवी खोट्याला पांढरा रंग दिला. मराठीनं रंग न देता जाती लावल्या. सहज मारली ती थाप. जागच्या जागी रचलेली, ताजी ताजी, ती लोणकढी थाप. समोरच्याला भुलवून काही साधायचं असेल तर भूलथाप. कामातून अंग काढून घेण्यासाठी पुढे करतात ती सबब. दुखणं नसताना कण्हायचं ती बतावणी. आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतात ते तोंडदेखलं. हा शेवटचा शब्द फार नेमका आहे. समोर तोंड आहे तोवर एक बोलणं, तोंड वळलं की दुसरं. आपल्या रोजच्या जगण्यातलं बहुतेक खोटं या जातीचं असतं, आणि ते बोलणारी माणसं बहुधा प्रेमळ असतात. म्हणूनच त्याचा विचार करणं अवघड जातं.

हे खोटं चालतं की चालत नाही, असा प्रश्न विचारला की माणसं दोन टोकांना जातात. एकाला प्रत्येक गोड शब्दात ढोंग दिसतं. दुसऱ्याला हेतू चांगला असला की सगळंच माफ वाटतं. या प्रकरणात एक वेगळा ताजवा वापरून पाहू. खोटं ऐकणाऱ्याचा कोणता निर्णय त्या शब्दावर उभा राहणार आहे? या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या खोट्याचं वजन ठरवायचं. हेतू बोलणाऱ्यापाशी असतो, परिणाम ऐकणाऱ्याला भोगावा लागतो. म्हणून मापही ऐकणाऱ्याच्या बाजूनं घ्यायला हवं.

रोज किती?

आधी हे खोटं किती बोललं जातं ते पाहू. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७७ विद्यार्थी आणि शहरातले ७० इतर नागरिक यांना त्यांनी आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. दिवसभरात कुणाशी बोलणं झालं आणि त्यात खोटं काय बोललं गेलं, हे ज्यानं त्यानं स्वतःच लिहायचं. विद्यार्थ्यांच्या वहीत दिवसाला सरासरी दोन खोटी निघाली, इतरांच्या वहीत एक. बहुतेक खोटी किरकोळ होती आणि बोलणाऱ्यांना त्यांचं फारसं काही वाटलंही नव्हतं. पण वह्यांमधून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या भेटीत खोटं बोललं गेलं, ती भेट त्याच माणसाला इतर भेटींपेक्षा थोडी कमी सुखाची आणि कमी जवळिकीची वाटली होती. नातं जपण्यासाठी बोललेल्या शब्दानं त्या क्षणापुरती का होईना, नात्यातली ऊब थोडी कमीच केली होती.

सरासरीचा आकडा मात्र जपून वापरायला हवा. २०१० साली किम सेरोटा, टिमोथी लेव्हिन आणि फ्रँक्लिन बोस्टर यांनी एक हजार अमेरिकी प्रौढांना गेल्या चोवीस तासांबद्दल विचारलं, तेव्हा सुमारे ६० टक्के लोकांनी त्या दिवसात एकही खोटं बोललो नाही असं सांगितलं. एकूण खोट्यांपैकी जवळजवळ निम्मी खोटी अवघ्या ५ टक्के लोकांच्या नावावर होती. ‘सगळेच बोलतात’ या सबबीला हा आकडा चांगलं उत्तर आहे. बहुतेक माणसं बहुतेक वेळा खरंच बोलतात. तसं नसतं तर खोट्याला काही किंमतच उरली नसती. खोटं नाणं चालतं ते बाजारात खरी नाणी फिरत असतात म्हणून.

नाकावरचा डाग

तोंडदेखलं बोलायला आपण फार लवकर शिकतो. कॅनडात व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. नाकावर ठळक लाल डाग लावलेला माणूस मुलासमोर फोटो काढून घ्यायला बसतो आणि विचारतो, ‘मी ठीक दिसतोय ना?’ बहुतेक मुलांनी ‘हो’ म्हटलं. तो माणूस खोलीतून गेल्यावर दुसऱ्या कुणी विचारलं, तर तीच मुलं सांगत होती की तो ठीक दिसत नव्हता. पुढच्या एका अभ्यासात मुलांना खेळण्याऐवजी साबणाची वडी भेट दिली गेली, आणि तरीही अनेकांनी ती आवडल्याचं सांगितलं. वय वाढलं तसं हे सांगणंही अधिक सफाईदार झालं.

याला मुलं बिघडली म्हणायचं का? संशोधक तसं मानत नाहीत. समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधता आल्याशिवाय असं खोटं बोलताच येत नाही. दुसऱ्याचं मन राखण्याची ती पहिली पायरी असते. पण ही पायरी मूल कुणाचं पाहून चढतं, ते आपल्या घरातच दिसतं. दाराची घंटा वाजते, बाहेर वर्गणी मागणारे किंवा ओळखीतलेच कुणी असतात, आणि आतल्या खोलीतून दबका आवाज येतो, ‘घरी नाहीत म्हणून सांग.’ मूल दारात जातं आणि निरोप पोचवतं. लाल नाकवाल्या माणसाला दुखवू नये हे त्याला आपोआप कळलं होतं. दारावरचा धडा मात्र वेगळा आहे: अडचण टाळायची असेल तर खरं बाजूला ठेवावं, आणि ते काम लहानाकडून करून घ्यावं. मुलाच्या दृष्टीनं दोन्ही खोटी सारखीच छोटी असतात. आपण त्यांतला फरक त्याला कधी समजावून सांगत नाही.

दारावरचा मारेकरी

फरक समजावायचा तर आपल्याकडे एक विलक्षण कथा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात, घायाळ युधिष्ठिर शिबिरात परतल्यावर अर्जुनाला टोचून बोलतो आणि गांडीव दुसऱ्याला देऊन टाक म्हणतो. असं म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते. शब्द खरा करण्यासाठी तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो.

कौशिक हा गावाबाहेर नद्यांच्या संगमाजवळ राहणारा तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं, असं त्याचं व्रत. एकदा काही माणसं दरोडेखोरांच्या भीतीनं त्याच्या जवळच्या रानात लपतात. मागोमाग दरोडेखोर येतात आणि विचारतात, ‘तुम्ही सत्यवचनी आहात. ती माणसं कुठे गेली ते सांगा.’ कौशिक खरं सांगतो. माणसं मारली जातात. आणि कथा सांगते की सत्यवचनी कौशिक नरकात गेला. त्याला सत्याचे शब्द पाठ होते, सत्य कशासाठी असतं ते कळलं नव्हतं.

जवळजवळ हाच प्रसंग १७९७ साली युरोपात चर्चेला आला. फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट यांनी प्रश्न मांडला होता: तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय आणि मारेकरी दारात येऊन त्याचा पत्ता विचारतोय, तर खरं सांगायचं का? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. त्यांनी निबंध लिहून उत्तर दिलं की अशा वेळीही खोटं बोलायचा हक्क कुणाला नाही. त्यांचा युक्तिवाद असा: समजा, तुम्ही ‘तो घरी नाही’ म्हणालात, आणि तुमच्या नकळत मित्र खरोखरच मागच्या दारानं निघून गेलेला असला, तर परत फिरलेला मारेकरी त्याला रस्त्यात गाठेल. मग त्या मृत्यूचा दोष तुमच्या खोट्यावर येईल. खरं बोलणारा मात्र पुढच्या योगायोगाला जबाबदार नसतो.

प्रश्न एकच, उत्तरं उलटी. कांट यांच्या म्हणण्यात एक मोलाची जाण आहे: मी अपवाद करायला लागलो की प्रत्येक जण आपापला अपवाद शोधेल आणि शब्दावरचा विश्वासच उडेल. पण कौशिकाच्या कथेचं पारडं जड आहे, आणि आपला ताजवा त्याचं कारण दाखवतो. मारेकऱ्याचा जो निर्णय आपल्या शब्दावर उभा राहणार आहे, तो कुणाचा तरी जीव घेण्याचा आहे. तो निर्णय घेण्याचा अधिकार त्याला मुळातच नाही. जो अधिकार नाही तो हिरावून घेण्यात अन्यायही नाही.

पण या कथेला एक शेपूट आहे आणि त्याचा गैरवापर फार होतो. त्याच ठिकाणी कृष्ण खोटं क्षम्य ठरणारे प्रसंग मोजून सांगतो, आणि त्या यादीत जिवावरच्या संकटाबरोबर विवाहही आहे. या आधारावर स्थळ ठरवताना कितीतरी गोष्टी झाकल्या जातात. मुलाचा पगार फुगवून सांगितला जातो. मुलीला येणाऱ्या फिट्सबद्दल चकार शब्द काढला जात नाही. आधी मोडलेलं लग्न तिसऱ्याच कुणाकडून कळतं. सांगणारे मनापासून मानतात की आपण दोन जीवांचं भलंच करतोय. इथे ती जुनी यादी बाजूला ठेवायला हवी, कारण ऐकणाऱ्याचा आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय नेमका त्या शब्दावर उभा राहतो, आणि तो घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ हेच मानतं. जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवून लपवली आणि त्यावर संमती मिळवली, तर तो विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. कायदा इथे हेतूची गोडी विचारत नाही. संमती कशावर उभी होती, एवढंच विचारतो.

चार अंगुळं खाली आलेला रथ

ताजवा हातात असला की एक उलटी गोष्टही दिसते. खऱ्या शब्दांनीही फसवता येतं. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण रोज वापरतो, पण त्या प्रसंगातला एक तपशील सहसा निसटतो. अश्वत्थामा मेल्याची बातमी भीमानं ओरडून सांगितली, तेव्हा द्रोणाचार्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण तो कधी खोटं बोलत नाही याची त्यांना खात्री होती. युधिष्ठिरानं ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्यानं म्हटलं आणि ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटला. शब्दाशब्दानं पाहिलं तर वाक्य खरं होतं. त्या नावाचा हत्ती मेलाच होता. पण द्रोणांनी त्या वाक्याच्या भरवशावर शस्त्र खाली ठेवलं. जमिनीवरून चार अंगुळं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या दिवशी इतरांच्या रथांसारखा मातीला टेकला, असं महाभारत सांगतं. आयुष्यभर खरं बोलून जमवलेला विश्वास एका वाक्यात खर्च झाला होता.

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःबद्दल असाच एक हिशेब मांडला आहे. त्यांनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं होतं. पुढे मोठ्या आजारातून उठताना अंगात ताकद येईना, आणि मुंबईच्या डॉक्टर दलालांनी सांगितलं की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीचं दूध का चालू नये? गांधींनी ते घेतलं आणि बरे झाले. पण त्यांनी लिहून ठेवलं की आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा गमावला. जगण्याची इच्छा प्रबळ होती, हे त्यांनी लपवलं नाही. सत्याच्या या उपासकानं शब्दांच्या फटीतून सुटका करून घेतली आणि ती फट स्वतःच सर्वांना दाखवली. प्रामाणिकपणाची खरी कसोटी या दुसऱ्या कृतीत आहे.

‘त्यांना काही सांगू नका’

तोंडदेखल्या खोट्याचं सर्वांत जड रूप मात्र युद्धभूमीवर दिसत नाही. ते दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटतं. तपासणीचा अहवाल आलेला असतो. मोठा मुलगा किंवा जावई डॉक्टरांना बाहेर गाठतो. ‘बाबांना काही सांगू नका. ते खचतील. साधी गाठ आहे म्हणा.’ मग सगळं घर एक नाटक सुरू करतं. केमोथेरपीला ‘सलाइन’ म्हटलं जातं. फाईल पिशवीच्या तळाशी जाते. भेटायला येणाऱ्यांना जिन्यातच ताकीद मिळते. आणि बाबा? वॉर्डात शेजारच्या खाटेवर कोण आहे, रुग्णालयाच्या पाटीवर काय लिहिलंय, बायकोचे डोळे का सुजलेत, हे सगळं त्यांना दिसत असतं. अनेकदा त्यांना कळलेलं असतं, पण मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही न कळल्याचं दाखवतात. एकाच खोलीत सगळे एकमेकांना जपत असतात आणि प्रत्येक जण एकटा पडलेला असतो.

हे खोटं मायेतून येतं, यात शंका नाही. म्हणूनच त्याचं वजन काळजीपूर्वक करायला हवं. या माणसाचे कोणते निर्णय त्या ‘साध्या गाठी’वर उभे आहेत? उरलेल्या महिन्यांत उपचारांचा त्रास सोसायचा की घरी निवांत राहायचं. इच्छापत्र कधी करायचं. सातबाऱ्यावरचा जुना वाद मिटवायचा का. वीस वर्षं न बोललेल्या भावाला बोलावून घ्यायचं का. पंढरपूरला एकदा जाऊन यायचं का. वेळ भरपूर आहे असं ज्याला सांगितलं गेलंय, तो हे सगळं पुढच्या दिवाळीवर ढकलतो. त्याचा वेळ आपण त्याच्या नकळत खर्च करून टाकतो.

ही केवळ आपल्याकडची प्रथा नाही. अमेरिकेत १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा दहापैकी सुमारे नऊ डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगणं पसंत करत होते. १९७९ साली अमेरिकेतच पुन्हा विचारणा झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत एका व्यवसायाची रीत जवळजवळ पूर्ण उलटी झाली. उपचार सुधारले होते हे एक कारण. दुसरं असं की रुग्ण आता आपल्या शरीराबद्दलचा निर्णय स्वतः मागू लागले होते. मायेचं खोटं हा आपल्या रक्तातला गुण आहे, असं मानणाऱ्यांनी हा बदल लक्षात घ्यावा. रीत बदलू शकते.

भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम सांगतात की डॉक्टरानं आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल एवढी माहिती असावी, अशीही त्यात अपेक्षा आहे. त्यातला ‘किंवा’ हा छोटासा शब्द पाहा. व्हरांड्यातली कुजबुज याच ‘किंवा’तून आत शिरते.

मग करायचं काय? सगळं एका दमात तोंडावर फेकायचं? मुळीच नाही. वाईट बातमी कशी सांगावी याचीही एक विद्या आहे. डॉक्टरांसाठी २००० साली प्रसिद्ध झालेली आणि आता जगभर शिकवली जाणारी सहा पायऱ्यांची एक पद्धत आहे. तिची सुरुवात सांगण्यापासून होत नाही. आधी शांत जागा बघायची आणि बसायचं. मग विचारायचं, ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल आतापर्यंत काय समजलंय?’ त्यानंतर, ‘तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? सगळं सांगू, की तुमच्या वतीनं कुणाशी बोलू?’ बातमी त्यानंतर येते. सोप्या शब्दांत, थोडी थोडी, समोरच्याच्या भावनेला जागा देत. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र सुरू झालं. बरं न होणाऱ्या रुग्णाची वेदना कमी करणं हे अशा संस्थांचं काम. ते करताना रुग्णाशी खरं आणि हळुवार बोलणं औषधाइतकंच महत्त्वाचं ठरतं.

‘तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?’ या मधल्या प्रश्नात सगळं सामावलं आहे. काही माणसं म्हणतात, ‘मला नका सांगू, तुमचं तुम्ही बघा.’ त्यांना न सांगणं हे खोटं नाही, कारण न जाणण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतलेला असतो. आपण मात्र तो प्रश्न विचारायलाच घाबरतो. ‘ते खचतील’ या वाक्यामागे पुष्कळदा ‘त्यांना रडताना मला पाहवणार नाही’ हे दुसरं वाक्य दडलेलं असतं. त्याबद्दल कुणी स्वतःला अपराधी मानू नये. फक्त ते ओळखावं, म्हणजे आपल्या भीतीची किंमत बाबांना मोजावी लागणार नाही.

भीड

रोजच्या जगण्यातलं बरंचसं तोंडदेखलं खोटं दयेच्या नावानं वावरतं. जरा खरवडलं की खाली भीड निघते. मराठीत भिडेला भिकेची बहीण म्हटलंय ते उगाच नाही.

‘बघतो’, ‘कळवतो’, ‘प्रयत्न करतो’. आपल्याला काम करायचं नसतं हे त्या क्षणी पक्कं माहीत असतं, पण नाही म्हणताना समोरच्याचा चेहरा उतरेल, तो पाहायचा नसतो. मग समोरचा आठ दिवस फोनची वाट पाहतो. त्या आठ दिवसांत त्यानं दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. ‘उद्या नक्की येतो’ म्हणणारा सुतार, ‘पाच मिनिटांत पोचतोच’ असं आंघोळीला जाता जाता फोनवर सांगणारा मित्र, ‘फी या आठवड्यात भरतो’ म्हणणारे पालक, सगळे क्षणभराचा अवघडलेपणा टाळतात आणि दुसऱ्याचा दिवस वापरून घेतात.

कौतुकाचंही तसंच. वाढदिवसाच्या दिवशी नव्या साडीला ‘छान दिसतेय’ म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. साडी घेऊन झाली आहे, दिवस आनंदाचा आहे, तिच्यावर आता कुठला निर्णय उभा नाही. पण कुणी निवृत्तीनंतर लिहिलेल्या कादंबरीचं हस्तलिखित आणून देतं आणि आपण न वाचताच ‘फार सुंदर झालंय, छापा’ म्हणतो. ते आपल्या भविष्यनिधीतले पैसे घालून हजार प्रती छापतात, आणि गठ्ठे पलंगाखाली जातात. शब्द तोच, ‘छान’. पहिल्या वेळी त्याचं वजन अत्तराच्या थेंबाएवढं, दुसऱ्या वेळी गठ्ठ्याएवढं.

अमेरिकी तत्त्वज्ञ सिसेला बोक यांचं खोटेपणावरचं पुस्तक १९७८ साली आलं आणि या विषयात अजूनही आधाराला घेतलं जातं. त्यांचा आग्रह असा की खोट्याकडे नेहमी फसवल्या गेलेल्याच्या जागेवरून पाहावं. बोलणारा प्रत्येक खोटं सुटं मोजतो, म्हणून ते क्षुल्लक वाटतं. ऐकणाऱ्याला ती एकत्र मिळतात. कादंबरीकाराला एका मित्रानं नाही, दहा जणांनी ‘छान’ म्हटलेलं असतं. आणि एकदा कळलं की सगळे तोंडदेखलं बोलत होते, की पुढचं खरं कौतुकही त्याच्या कानात शिरत नाही.

तिळगुळाची अट

संक्रांतीला आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला सांगतो. त्या मागणीत खोटं बोलायची परवानगी आहे का? मनुस्मृतीतलं एक जुनं वचन या प्रश्नापाशी पोचतं. त्याचे चार भाग आहेत: खरं बोलावं, प्रिय बोलावं, खरं असलं तरी अप्रिय बोलू नये, आणि प्रिय असलं तरी खोटं बोलू नये. व्यवहारात आपण तिसरा भाग पाठ करतो आणि चौथा सोडून देतो. तिसऱ्यालाही मर्यादा हवी, हे विदुरानं धृतराष्ट्राला ऐकवलं आहे. नेहमी गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, पण कडू तरी हिताचं बोलणारा दुर्मीळ, आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ. धृतराष्ट्रानं ऐकलं नाही, त्याचं फळ कुरुक्षेत्रावर दिसलं.

चारही भाग एकत्र पाळायचे तर शब्द शोधावे लागतात, आणि ही मेहनत टाळायला आपण खोट्याची जवळची वाट धरतो. कादंबरी घेऊन आलेल्या माणसाला आधी विचारता येईल, ‘तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? वाचून नुसता आनंद सांगू, की छापण्याआधीच्या सूचना देऊ?’ मग खरोखर आवडलेलं एखादं प्रकरण नाव घेऊन सांगता येईल. त्या एका नेमक्या वाक्याचं मोल दहा ‘छान’पेक्षा जास्त असतं. त्यानंतर, ‘मधली शंभर पानं मला ओढली नाहीत. छापण्याआधी एखाद्या संपादकाला दाखवा.’ ‘कळवतो’ऐवजी ‘या महिन्यात मला जमणार नाही, तुम्ही थांबू नका’. ‘पाच मिनिटांत’ऐवजी ‘अजून घरीच आहे, अर्धा तास लागेल’. ही वाक्यं ऐकताना क्षणभर टोचतात, पण ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी देऊन जातात.

उलट दिशेनंही चूक होते. ‘मी बाबा स्पष्टवक्ता’ म्हणत तोंडाचा पट्टा सोडणाऱ्यालाही हाच ताजवा लावावा. लग्नाच्या मांडवात नवरीच्या रंगावर केलेली टिप्पणी कुणाच्या कोणत्या निर्णयाला उपयोगी पडते? ज्या खऱ्यानं कुणाला काही ठरवायला मदत होत नाही आणि फक्त जखम होते, ते गिळून टाकण्यात प्रामाणिकपणाची हानी नाही. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत पुष्कळ मोकळी जागा आहे, आणि सभ्य माणसं त्याच जागेत राहतात.

खरं बोलण्याची भीती आपल्याला वाटते तेवढी रास्तही नसते. २०१८ साली एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही लोकांना तीन दिवस सगळ्यांशी पूर्ण प्रामाणिकपणे बोलायला सांगितलं होतं. हे अवघड जाईल, नाती दुरावतील असा माणसांचा अंदाज होता. ज्यांनी ते प्रत्यक्षात केलं, त्यांना अनुभव अंदाजापेक्षा बराच सुखाचा आणि जवळीक वाढवणारा वाटला. समोरच्याला किती सोसेल हे मोजताना आपण त्याला कमी लेखतो.

आता पुन्हा त्या दारापाशी जाऊ. घंटा वाजली आहे, मूल उठून उभं राहिलं आहे, आणि आतल्या माणसाला खरोखरच बाहेर यायचं नाही. भेटायलाच हवं, अशी सक्ती नाही. त्यानं एवढंच म्हणावं, ‘सांग, बाबा कामात आहेत, आत्ता भेटू शकणार नाहीत. सातनंतर फोन करा.’ निरोप दोन शब्दांनी लांबला. मूल तो जसाच्या तसा घेऊन जातं. त्याला डोळे चुकवावे लागत नाहीत. आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळतं की थांबण्यात अर्थ नाही, सातनंतर बोलता येईल. थांबायचं की परत फिरायचं, हे त्याचं तो ठरवतो.